अकरा वाजून बारा मिनिटे

सिस्टर निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, पण त्यांना दुसऱ्या नावानं हाक मारायचं कुणाला सुचलं नव्हतं. इमारतीतले लोक, दूधवाला, बँकेतली मुलगी, सगळे सिस्टरच म्हणत. धाकटा भाऊ तेवढा ताई म्हणायचा, आणि आई काहीच म्हणायची नाही. आईचं काम नुसतं "अगं" वर भागायचं.

एकतीस वर्षं त्यांनी इस्पितळात काढली, त्यातली बावीस एकाच वॉर्डात. त्या वॉर्डात एक जाड रजिस्टर असायचं. पाळी बदलताना जाणारी नर्स येणाऱ्या नर्सच्या हाती ते द्यायची. दोन वाजून दहा मिनिटे, सात नंबरचा पेशंट अस्वस्थ. दोन पंचवीस, डॉक्टरांना कळवले. दोन चाळीस, डॉक्टर आले. सिस्टर नव्या होत्या तेव्हा एकदा त्यांनी लिहिलं होतं, "पेशंट उगाच आरडाओरडा करतो." मेट्रनबाईंनी ते पान सगळ्यांदेखत वाचून दाखवलं आणि विचारलं, "उगाच हे तुला कुणी सांगितलं?" त्या दिवसापासून सिस्टरनी जे डोळ्यांनी दिसलं तेवढंच लिहिलं. ही सवय पुढे बोलण्यातही उतरली. त्यामुळे लग्नाकार्यात त्यांच्या शेजारी बसायला फारसं कुणी धजत नसे.

त्यांनी लग्न केलं नव्हतं. का केलं नाही हे विचारणारे एव्हाना थकले होते किंवा वारले होते.

आई बसनं दोन थांबे पलीकडे, दुसऱ्या मजल्यावर राहायची. वय ब्याऐंशी. मागच्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आणि तेव्हापासून आईनं चालायचं सोडून दिलं. डॉक्टर म्हणाले हाड जुळलंय, आई म्हणाली डॉक्टरांचं जुळलं असेल. दिवसा एक बाई सांभाळायला असायची. वॉर्डात मदतनीस बायकांना मावशी म्हणायची रीत होती म्हणून सिस्टर तिलाही मावशीच म्हणत, जरी मावशी त्यांच्याहून वीसेक वर्षांनी लहान होती. ती सकाळी साडेसातला यायची, रात्री आठला जायची. आठला सिस्टर यायच्या, आईच्या खोलीतच खाटेवर झोपायच्या आणि सकाळी मावशी आली की आपल्या घरी परतायच्या. रात्रीतून आई तीनदा तरी उठवायची आणि दर वेळी सिस्टर तिला दोन्ही हातांनी धरून न्हाणीघरात न्यायच्या.

खर्चाचा बराचसा भार धाकटा उचलायचा. तो दुसऱ्या शहरात विम्याच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होता. वहीत लिहिलेला हिशेब त्याला बघवत नसे. त्यानं आईच्या खोलीत आपला जुना कॉम्प्युटर आणून बसवला आणि त्यात घरखर्चाचं एक सॉफ्टवेअर घातलं. मावशीनं रोजचा खर्च त्यात टाकायचा, टाकला की तो त्याला आपल्या कचेरीत बसून दिसणार. वह्या, चिठ्ठ्या, पावत्या यांची आता गरज नाही असं त्यानं सांगितलं. मावशी पंधरा दिवसांत शिकली. एका बोटानं टाइप करायची, पण चुकायची नाही.

पहिले काही महिने सगळं नाकासमोर चाललं. मग उन्हाळ्यात व्यायाम करून घेणारा फिजिओ सोमवारी आणि गुरुवारी दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, यायला लागला आणि त्याच सुमारास घरखर्चासाठी ड्रॉवरमध्ये ठेवलेले पैसे कमी पडायला लागले. सॉफ्टवेअर म्हणायचं, एवढे शिल्लक हवेत. ड्रॉवरमध्ये तेवढे नसायचे. पहिल्या महिन्यात अठराशे, दुसऱ्या महिन्यात एकतीसशे पन्नास, तिसऱ्या महिन्यात चार हजार ऐंशी.

धाकट्यानं फोन केला. आवाज चढवला नाही, तो कधीच चढवत नसे. तो म्हणाला की मशीनला खोटं बोलायचं काही कारण नाही, तेव्हा उरतं कोण ते ताईनंच बघावं, आणि महिनाअखेरीपर्यंत दुसरी बाई शोधावी.

सिस्टरनी मावशीला विचारलं. मावशी भांडी पुसत होती. ती म्हणाली, "मी सगळं टाकते. फिजिओंचे दोन्ही वेळचे टाकते. मग ते जातं कुठं, मला माहीत नाही." एवढं बोलून ती पुढचं भांडं पुसायला लागली. रडली नाही, शपथा घेतल्या नाहीत. सिस्टरनी आयुष्यात खोटं बोलणारे पेशंट शेकड्यानं पाहिले होते आणि ते सगळे याहून जास्त बोलायचे. पण हा काही पुरावा नव्हता. त्यांनी धाकट्याकडून आठ दिवस मागून घेतले.

दुसऱ्या दिवशी त्या घरी न जाता तिथंच थांबल्या, चष्मा लावून कॉम्प्युटरपुढे बसल्या आणि सॉफ्टवेअरमधलं मदतीचं पान पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या. आई पलंगावरून बघत होती. तिनं विचारलं, काय करतेस? सिस्टर म्हणाल्या, वाचते. यावर आईनं भिंतीकडे तोंड केलं.

मदतीच्या पानावर शेवटून तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की काही अडचण आल्यास कंपनीला ईमेल करावा आणि सोबत लॉग फाइल जोडावी. ती कुठल्या फोल्डरमध्ये असते तेही दिलं होतं. सिस्टरनी ती शोधून काढली. कुठलाही कागद वाचल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही हा वॉर्डातला नियम होता, म्हणून जोडण्याआधी त्यांनी ती उघडली.

साधी मजकुराची फाइल होती. ना रंग, ना चित्र. एकाखाली एक शेकडो इंग्रजी ओळी. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तारीख, मग वेळ, मग एक शब्द, आणि पुढे काय झालं ते. फाइल उघडली. नोंद क्रमांक अमुक घातली. फाइल जतन केली. फाइल बंद केली. बहुतेक ओळींत तो शब्द "इन्फो" होता, म्हणजे नुसती माहिती. मधूनच एखादीत "वॉर्निंग".

सिस्टर पंधरा-वीस ओळी वाचून थांबल्या आणि खुर्चीत जरा मागे रेलल्या. हे रजिस्टर होतं. वेळ, घटना, पुन्हा वेळ, पुन्हा घटना. "उगाच" हा शब्द कुठंही नव्हता. कुणीतरी हे मशीन मेट्रनबाईंच्या हाताखाली तयार केलं असावं, असं त्यांना वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांना आपल्या कामाची जागा सापडल्यासारखं झालं, पण त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. सांगायला समोर आईच होती.

फाइलमध्ये फक्त शेवटच्या एका महिन्याच्या ओळी होत्या. त्याआधीच्या मशीन आपोआप पुसून टाकत असे. सिस्टरनी दोनशे पानी वही आणली आणि इन्फोच्या ओळी निळ्या शाईनं, वॉर्निंगच्या लाल शाईनं उतरवून काढायला घेतल्या. चार दिवस लागले. मावशी मधूनमधून चहा आणून ठेवायची आणि वहीकडे न बघता जायची.

तिसऱ्या दिवशी लाल ओळींकडे बघताना त्यांच्या लक्षात आलं की त्या सगळ्या सोमवार-गुरुवारच्याच खर्चाच्या आहेत. मजकूरही एकच: दुबार नोंद आढळली, काढून टाकली. रक्कम तीनशे पन्नास. एकाच दिवशी, एकाच नावावर, एकच रक्कम दोनदा दिसली की ते सॉफ्टवेअर समजायचं की लिहिणाऱ्याचा हात चुकून दोनदा पडला, आणि फाइल बंद होताना दुसरी नोंद न विचारता उडवायचं. फिजिओ सकाळी येऊन साडेतीनशे घेऊन जायचा, संध्याकाळी येऊन पुन्हा साडेतीनशे. मावशी दोन्ही टाकायची. मशीन एक ठेवायचं. महिन्यात असं आठ वेळा झालं होतं. दोन हजार आठशे.

सिस्टरनी धाकट्याला फोन लावून ओळी वाचून दाखवल्या, तारखेसकट, वेळेसकट. मग तो म्हणाला, ती सोय आधीपासून चालूच असते, कुणी मुद्दाम चालू केलेली नाही. सिस्टर म्हणाल्या, कुणी केली असं मी म्हटलेलं नाही.

मग त्यानं विचारलं, "आणि उरलेले बाराशे ऐंशी?"

त्या ओळी सिस्टरनी वाचलेल्या होत्या. त्या लाल नव्हत्या, निळ्या होत्या, म्हणून आधी नजरेतून सुटल्या होत्या. महिन्यात दोनदा, दोन वेगवेगळ्या मंगळवारी, एकेक नोंद काढली गेली होती. मशीननं नाही. वापरणाऱ्यानं, हातानं. रक्कम दोन्ही वेळा सहाशे चाळीस. त्यातली दुसरी बाराशे चौदा क्रमांकाची. फाइल उघडली आठ वाजून सहा मिनिटांनी, नोंद काढली आठ वाजून बारा मिनिटांनी, फाइल बंद आठ वाजून तेरा मिनिटांनी. त्यांनी तेही जसंच्या तसं वाचून दाखवलं.

"सकाळी आठ वाजता घरात कोण असतं, ताई?"

मावशी असायची. सिस्टर साडेसातला निघालेल्या असायच्या. त्यांनी खरं ते सांगितलं आणि फोन ठेवला. स्वयंपाकघरात मावशी आईचं जेवण वाढत होती आणि त्या दिवशी सिस्टरना तिच्याकडे सरळ बघवेना.

रात्रभर त्यांनी त्यावर विचार केला असं म्हणता येणार नाही, कारण आईनं चार वेळा उठवलं. सकाळी मात्र बसमध्ये उभ्या असताना त्यांना वहीतली एक ओळ आठवली. मावशी रोज सकाळी नाश्त्यानंतर आदल्या दिवसाचा खर्च टाकायला बसायची. त्या ओळींवर वेळ होती पाच चाळीस, पाच पंचेचाळीस. पहाटेची. पहाटे पाच चाळीसला मावशी आपल्या घरी असायची. त्या खोलीत, कॉम्प्युटरपासून चार हातांवर, खाटेवर सिस्टर स्वतः असायच्या.

त्या पुढच्या थांब्यावर उतरल्या, रस्ता ओलांडला आणि उलट दिशेची बस पकडली.

वॉर्डात एक घड्याळ होतं, ते बारा मिनिटं मागे चालायचं. सगळ्या नर्सना ते माहीत होतं आणि सगळ्या त्याच्यावर बघूनच लिहायच्या, कारण वॉर्डाचं घड्याळ ते वॉर्डाचं घड्याळ. बाहेरचा कुणी रजिस्टर वाचायला बसला तर त्याला आधी हे सांगावं लागे. या मशीनचं घड्याळ कुठल्या भिंतीवर आहे हे सिस्टरनी विचारलंच नव्हतं. दुपारी बरोबर चार वाजता, मनगटावर बघून, त्यांनी एक रुपयाची नोंद घातली, तिला "चाचणी" नाव दिलं आणि लॉग फाइल उघडली. शेवटच्या ओळीवर वेळ होती एक.

तीन तास मागे. मदतीच्या पानावर, त्यांनी पुन्हा नीट वाचलं तेव्हा, एका कोपऱ्यात ते लिहिलेलंही होतं. लॉगमधली वेळ घरच्या घड्याळाची नसते, कॉम्प्युटरच्या आतल्या घड्याळाची असते, आणि या जुन्या कॉम्प्युटरचं ते घड्याळ कुणी कधी लावलेलंच नव्हतं.

म्हणजे पाच चाळीस म्हणजे आठ चाळीस, नाश्त्यानंतरची. आणि आठ वाजून बारा म्हणजे अकरा वाजून बारा. मंगळवारी अकरा वाजता मावशी आठवड्याची औषधं आणायला दुकानात जायची आणि पाऊण तासानं परत यायची. तेवढा वेळ घरात फक्त आई असायची. पलंगावर. चालता न येणारी.

सिस्टरनी वही मिटली आणि नजरेनं पावलं मोजली. पलंगापासून कॉम्प्युटरच्या टेबलापर्यंत नऊ पावलं होती. फाइल उघडणं आणि नोंद काढणं यांत सहा मिनिटं गेली होती. म्हणजे शोधत शोधत, यादीतून एकेक ओळ खाली जात. आईनं पंचवीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरी केली होती. बटणं, आकडे, याद्या यांना ती बिचकणाऱ्यातली नव्हती. त्यांच्या मनात पहिलं आलं ते असं की पेशंट कुणाच्याही आधाराशिवाय नऊ पावलं चालतो, जाऊन येऊन अठरा, आणि ही गेल्या वर्षभरातली सगळ्यात चांगली नोंद आहे. बाकीचं नंतर आलं.

पुढच्या मंगळवारी मावशी औषधं आणायला गेली तेव्हा सिस्टर तिच्याबरोबर निघाल्या, जिन्यात थांबल्या आणि दहा मिनिटांनी किल्लीनं दार उघडून आत आल्या. आई टेबलापाशी बसली होती. चालायची लोखंडी चौकट शेजारी नीट उभी केलेली होती. आईनं मान वळवून बघितलं. दचकली नाही.

"हे बंद कसं करायचं ते मला येत नाही," ती म्हणाली. "मी आपली फुलीवर दाबते."

"तसंच करतात," सिस्टर म्हणाल्या आणि पलंगावर, आईच्या जागी, बसल्या.

सहाशे चाळीस ही मोठ्या माणसांच्या डायपरच्या पाकिटाची किंमत होती. पंधरा दिवसाला एक पाकीट लागायचं आणि मावशी ते प्रामाणिकपणे, त्याच नावानं, टाकायची. धाकटा ते आपल्या कचेरीत उघडून बघायचा. शेजारच्या टेबलावरचे बघत असतील. सूनही बघत असेल. आईचं म्हणणं एवढंच होतं की पाकीट आणा, पैसे द्या, पण ती वस्तू तिच्या नावावर लिहून ठेवू नका. लिहिलं की ते कायमचं होतं. मावशीवर आळ आलाय हे तिला ठाऊक नव्हतं. धाकटा फोनवर हळू बोलायचा आणि सिस्टर स्वयंपाकघरात जाऊन बोलायच्या, तिच्या कानावर येणार कुठून? सिस्टरनी सांगितलं तेव्हा आईनं कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले. मग म्हणाली, "तिला आता मी काय सांगू?"

"झालं ते सांग. का ते नको."

मग सिस्टरनी दुसरा प्रश्न विचारला. नऊ पावलं चालता येतात तर रात्री तीनदा उठवायचं कशाला?

आई खिडकीकडे बघत म्हणाली, "मी चालायला लागले की तू रात्री यायची नाहीस."

असल्या गोष्टी रजिस्टरमध्ये कधी लिहाव्या लागल्या नव्हत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "मी इथं येते ते माझ्या घरचा पंखा आवाज करतो म्हणून."

"दुरुस्त करून घे मग."

"घेईन."

त्यांनी तो पुढेही दुरुस्त करून घेतला नाही. खरं तर त्याला काही झालेलंच नव्हतं.

मावशी औषधं घेऊन आली तेव्हा आई चौकट धरून दारापर्यंत गेली. मावशीच्या हातातली पिशवी खाली पडता पडता राहिली. आईनं तिला, आपण दोनदा काय केलं ते मोजक्या शब्दांत सांगितलं. सिस्टरनी धाकट्याला फोन लावला आणि मावशीच्या हातात दिला. तो काय बोलला ते बाहेर ऐकू आलं नाही, पण बोलायला त्याला वेळ लागला. मावशी हं हं करत होती. शेवटी ती म्हणाली, "साहेब, पहिल्या महिन्यात मी माझ्या पगारातले हजार ड्रॉवरमध्ये घातले होते. मला वाटलं माझाच हिशेब चुकला. ते तेवढे मला परत द्या."

सिस्टरना एवढे दिवस एक गोष्ट टोचत होती, पहिल्या महिन्याची तूट बाकीच्यांपेक्षा एवढी कमी कशी. त्यांनी वहीतलं ते पान काढलं, बेरीज पुन्हा केली आणि वही मिटली. हजार त्यांनी तिथंच आपल्या पर्समधून दिले. मावशीनं मोजून घेतले. मग ती कॉम्प्युटरपुढे बसली आणि एका बोटानं नोंद घातली.

फिजिओचं सकाळ-संध्याकाळचं नाव आता वेगवेगळं लिहितात आणि दुबार नोंद उडवायची ती सोय धाकट्यानं स्वतः येऊन बंद केली. उरला पाकिटाचा प्रश्न. ते कोणत्या नावानं टाकायचं हे आईनं ठरवावं असं ठरलं. आईनं यादीतले सगळे पर्याय वाचून घेतले आणि "लेखनसाहित्य" निवडलं. महिन्याभरानं धाकट्यानं फोनवर विचारलं की घरात एवढं लेखनसाहित्य लागतं कुणाला. सिस्टर म्हणाल्या, आईला. पुढे त्यानं विचारलं नाही. आपल्या आईला आपण फारसं ओळखत नाही अशी त्याला बऱ्याच दिवसांपासून शंका होती.

फिजिओला सिस्टरनी वही दाखवली. त्यानं ती दोनदा वाचली आणि आईला म्हणाला, आजी, आता जिना. आईनं आठ दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं, पण जिना उतरायला लागली, आधी तीन पायऱ्या, मग सहा. पावसाळा संपता संपता एका सकाळी ती पूर्ण खाली आली. एका बाजूला मावशी, मागे सिस्टर. अडतीस मिनिटं लागली. इमारतीच्या दाराशी रखवालदाराची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर आई बसली. समोरून शाळेची मुलं गेली, मग एक गॅसचा टेम्पो गेला, मग बराच वेळ काहीच गेलं नाही. आई सगळं बघत बसली होती. सिस्टरनी घड्याळात बघितलं, पण बरोबर वही आणलेली नव्हती.